दोन टक्क्यांत नेमकं काय येतं? घर घेतानाच्या दलालीबद्दल

आजचा विषय दलालीचा. घर घेताना एजंटाला जे पैसे जातात ते कमी कसे करायचे आणि कुठे ते कमी करायच्या भानगडीत पडू नये, हे दोन्ही सांगतो.

मी गृहकर्जाच्या टेबलावर बरीच वर्षं काढली. आधी पुण्यात, मग हैदराबादला आणि शेवटी बंगळुरूत. समोर बसलेली माणसं व्याजात पाव टक्का कमी व्हावा म्हणून तीन-तीन बँका पालथ्या घालायची. झेरॉक्सवाल्याशी एक रुपया की दोन यावरून हुज्जत घालायची. आणि एजंटाचे दोन टक्के? ते मात्र न विचारता. का हो, असं म्हटलं की ठरलेलं उत्तर यायचं, "इथे तेच चालतं, साहेब."

तेच चालतं हे खरं. पण चालतं तो रिवाज. २०१६ च्या रेरा कायद्यात एजंटाची नोंदणी आहे, त्याची कर्तव्यं आहेत, नोंदणीशिवाय धंदा केला तर दंड आहे. दलालीचा दर मात्र त्यात नाही. जुन्या, म्हणजे रिसेलच्या फ्लॅटला बहुतेक मोठ्या शहरांत घेणाऱ्याकडून एक ते दोन टक्के आणि विकणाऱ्याकडून तेवढेच, असा प्रघात पडलाय. प्रघात आहे म्हणजे त्यावर बोलणी करता येतात.

आधी आकडा मांडू. मुंबईतला ८० लाखांचा रिसेल फ्लॅट धरा. दोन टक्के म्हणजे १ लाख ६० हजार. एजंट जीएसटीत नोंदलेला असेल तर त्यावर १८ टक्के, म्हणजे २८,८००. एकूण १ लाख ८८ हजार ८००. आता हे पैसे येतात कुठून ते बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांवरच्या आणि ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देऊ शकते. म्हणजे ६४ लाख. उरलेले १६ लाख तुमचे. मुद्रांक शुल्क पुरुषाच्या नावावर घर असेल तर ६ टक्के, म्हणजे ४ लाख ८० हजार. नोंदणी फी ३० हजार. हे दोन्ही खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही, तेव्हा तेही खिशातून. त्यावर ही दलाली. बेरीज जवळजवळ २३ लाख. कर्ज ६४ लाखांचं असलं तरी माणूस रडकुंडीला येतो तो या २३ लाखांपायी, आणि त्यातल्या शेवटच्या दोन लाखांपायी सर्वात जास्त. पीएफ काढून झालेला असतो, बायकोचे दागिने बँकेत गेलेले असतात, मग हे दोन लाख पर्सनल लोनवर काढले जातात. गृहकर्जापेक्षा कितीतरी चढ्या व्याजाने. म्हणून म्हणतो, दलालीकडे दोन टक्के म्हणून बघू नका. खिशातल्या रोख पैशातला तो शेवटचा हप्ता आहे.

आता या धंद्यातली एक साधी गोष्ट, जी टक्केवारीत लपून जाते. एजंटाने तुमच्यासाठी मालकाशी भांडून भाव दोन लाखांनी खाली आणला, तर तुमचे दोन लाख वाचले. त्याचं काय झालं? त्याची तुमच्याकडून येणारी दलाली ४ हजारांनी घटली. मालकाकडूनही दोन टक्के घेत असेल तर आणखी ४ हजारांनी. आठवडाभर मध्यस्थी करायची आणि वर स्वतःचे आठ हजार घालवायचे, की आहे त्या भावात आजच टोकन करून घ्यायचं? तो माणूस वाईट असतो असं नाही. मी उत्तम, सरळ एजंट पाहिलेत. पण हिशेबच असा मांडलेला आहे की त्याचं हित व्यवहार लवकर होण्यात आहे आणि तुमचं हित व्यवहार स्वस्तात व नीट होण्यात.

मग या दोन टक्क्यांच्या बदल्यात मिळतं काय? घर शोधून देणं. किल्ली आणून दाखवणं. भावाची बोलणी. कागद तपासणं. आणि शेवटी दुय्यम निबंधकांच्या कचेरीत अपॉइंटमेंट घेणं, दस्ताचा मसुदा करून घेणं, साक्षीदार उभे करणं, ही धावपळ. यातलं पहिलं आणि दुसरं काम एजंट खरंच चांगलं करतो. भावाचं मी आत्ता सांगितलं. कागद तपासणं हे त्याचं काम नाहीच, तो फक्त "क्लिअर टायटल आहे" एवढं म्हणतो आणि आपण ते ऐकून घेतो. आणि शेवटची धावपळ कुठलाही दस्तलेखक किंवा वकील ठरावीक फी घेऊन करतो. म्हणजे आपण पाच कामांचे पैसे देतो आणि त्यातली दोन घेतो. दलाली वाचवायची म्हणजे एजंटाला चुकवायचं असं नाही. जेवढं काम तो करणार आहे तेवढ्याचे पैसे आधी ठरवायचे.

आधी, हा शब्द महत्त्वाचा आहे. बहुतेक लोक दलालीची गोष्ट काढतात कधी? घर आवडल्यावर. मुलाने आपली खोली कुठली ते ठरवलंय, आईने देवघराची जागा पाहून ठेवलीय, आणि मग आपण म्हणतो, "कमिशनचं जरा बघा ना." एजंट हसतो. त्याला माहीत असतं की आता तुम्ही जात नाही. बोलणी करायची ती पहिलं घर बघायच्या आधी. त्या वेळी तुम्ही दहा एजंटांपैकी कुणाहीकडे जाऊ शकता, आणि हे त्यालाही माहीत असतं.

तोंडी ठरवू नका. मी लोकांना एक साधा व्हॉट्सअॅप मेसेज लिहून द्यायचो. तो असा: "आपण दाखवलेल्या घरांपैकी एखाद्याचा व्यवहार झाला तर आमच्या बाजूची दलाली एकूण ६०,००० रुपये, जीएसटी असल्यास त्यासह. रक्कम दस्त नोंदणीच्या दिवशी बँकेतून दिली जाईल. व्यवहार नोंदणीपर्यंत पोचला नाही तर दलाली देय नाही. मान्य असल्यास कळवावे." महाराष्ट्राबाहेर असाल तर हेच हिंदीत किंवा इंग्रजीत. उत्तरात नुसतं "ओके" आलं तरी पुष्कळ झालं. यातल्या प्रत्येक वाक्याला कारण आहे. "एकूण" आणि "जीएसटीसह" नसेल तर शेवटी १८ टक्के वर चढतात. "नोंदणीच्या दिवशी" नसेल तर टोकन दिल्याच्या संध्याकाळीच अर्धी दलाली मागायला माणूस दारात उभा राहतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात कलम २१९ आहे. वेगळं काही ठरलं नसेल तर काम पूर्ण होईपर्यंत एजंटाचा मोबदला देय होत नाही, असं ते सांगतं. पण "वेगळं काही ठरलं नसेल तर" या शब्दांतच सगळी मेख आहे. घर दाखवायच्या आधी काही एजंट फॉर्मवर सही घेतात किंवा मोबाइलवर ओटीपी मागतात. त्या फॉर्मच्या खालच्या बारीक अक्षरांत नेमकं तेच वेगळं ठरवलेलं असतं. वाचल्याशिवाय ओटीपी सांगू नका.

टोकन दिल्यानंतर तुम्हीच मागे फिरलात तर? मेसेजमध्ये दलाली नाही असं लिहिलंय, तेव्हा कायद्याने तुम्ही सुटाल. पण त्याने दोन महिने तुम्हाला गाडीतून फिरवलं असेल तर पाच-दहा हजार द्यावेत, असं माझं मत आहे. ते तुमच्यावर सोडतो.

ठरावीक रकमेला एजंट तयार नसेल तर दुसरी एक पद्धत आहे, मला ती जास्त आवडते. त्याला थोडी पक्की रक्कम द्या आणि भाव जेवढा खाली येईल त्यात हिस्सा द्या. समजा मालक ८५ लाख म्हणतोय. एजंटाला म्हणा, ६० हजार पक्के, आणि ८५ च्या खाली जेवढा व्यवहार होईल त्या फरकाचे दहा टक्के. ८० ला झाला तर फरक पाच लाख, त्याचे ५० हजार. एकूण १ लाख १० हजार. दोन टक्क्यांनी १ लाख ६० हजार गेले असते. तुमचे पन्नास हजार दलालीत वाचले आणि, त्याहून मोठं, आता भाव पाडण्यात त्याचंही हित आलं. फक्त एक काळजी घ्या. सुरुवातीचा आकडा फुगवलेला नसावा. त्यासाठी त्या इमारतीत अलीकडे काय भावाने दस्त झाले ते बघून घ्या. महाराष्ट्रात नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे, तिथे सूची क्रमांक २, म्हणजे आपण ज्याला इंडेक्स टू म्हणतो, तो बघता येतो. त्यावर मोबदल्याची रक्कम छापलेली असते. एजंट सांगतो तो "चालू भाव" आणि इंडेक्स टूवरचा भाव यांत किती फरक असतो हे एकदा स्वतः पाहा.

आणि टोकन देण्याआधी मालकाला समोरासमोर भेटाच. भेटू देत नसेल तर घर सोडा. मालकाला ७६ हवेत, तुम्हाला ८० सांगितले आणि मधले चार कुणाच्या घशात गेले ते कुणालाच कळलं नाही, असे व्यवहार होतात. तिथे दोन टक्क्यांवर घासाघीस करून काय उपयोग?

आता एक गोष्ट स्पष्टच सांगतो, कारण मला हे सर्वात जास्त वेळा विचारलं गेलंय. एजंटाने घर दाखवलं, मग आम्ही परस्पर मालकाला गाठलं आणि त्याला वगळून व्यवहार केला तर? करू नका. त्याने गाठ घालून दिली आणि त्या गाठीतूनच व्यवहार झाला असेल तर तो दलाली मागू शकतो, आणि न्यायालयं ती देववतात. शिवाय तुम्ही त्याच गल्लीत राहायला जाणार आहात. एजंट नको असेल तर पहिल्या पायरीपासून नको.

पहिल्या पायरीपासून एजंटाशिवाय घर शोधता येतं का? येतं, पण पाय दुखतात. नोब्रोकर, मॅजिकब्रिक्स, ९९एकर्स अशा ठिकाणी मालकांनी स्वतः टाकलेल्या जाहिराती असतात. त्यात मालक म्हणून एजंटच बसलेला निघतो, हा अनुभव तुम्हालाही आला असेल. ओळखायचं कसं? फोनवर पहिला प्रश्न विचारा, "यंदाचा प्रॉपर्टी टॅक्स किती आला?" मालक अंदाजे का होईना आकडा सांगतो. एजंट म्हणतो, "आधी घर तर बघा." मालकांची पॅकेजं विकणाऱ्या साइटही आहेत. पैसे भरायला हरकत नाही, दोन टक्क्यांपुढे ती रक्कम किरकोळ असते. पण पॅकेज घेऊन घर मिळतंच असं नाही, हे धरून चाला.

मला जास्त भरवसा वाटतो तो पायी फिरण्यावर. दोन-तीन सोसायट्या ठरवा, आणि सकाळी नऊच्या सुमारास जा. वॉचमन, इस्त्रीवाला, कोपऱ्यावरचा किराणा, सोसायटीच्या ऑफिसातला कारकून. कुठला फ्लॅट रिकामा आहे, कुणाची बदली झाली, कुणाचा मुलगा परदेशात स्थायिक झाला, ही बातमी एजंटाकडे पोचायच्या आधी यांच्याकडे असते. वॉचमनला चहापाण्याचे द्या. हल्ली काही ठिकाणी वॉचमनच एक टक्का मागतो, तेव्हा तेही आधीच ठरवा!

आपण महाराष्ट्राबाहेर राहणारी माणसं आणखी एक वाट धरतो. महाराष्ट्र मंडळ. गणेशोत्सवात कुणीतरी भेटतं, नांदेडचं नाहीतर सोलापूरचं, त्याला फ्लॅट विकायचा असतो, आपल्याला घ्यायचा असतो. आपला माणूस, मध्ये दलाल नाही, उत्तम. खरंच उत्तम आहे ही वाट, पण धोकाही तिथेच आहे.

हैदराबादला माझ्याकडे अशीच एक फाइल आली होती. ओळख मंडळातली, एजंट नव्हता, म्हणून दलालीचे दीड लाख वाचले म्हणून सगळे खुशीत. कोऱ्या कागदावर दोन ओळी लिहून पाच लाख टोकन दिलेलं. मूळ कागद कुठे आहेत विचारलं तर विकणारे म्हणाले, "गावी लॉकरमध्ये आहेत, पुढच्या खेपेला आणतो." मूळ कागद गावी आहेत हे वाक्य ऐकलं की बँकेतला माणूस सावध होतो. आम्ही एन्कम्ब्रन्स सर्टिफिकेट काढायला लावलं. फ्लॅट दुसऱ्या एका बँकेकडे तारण होता, भावाच्या धंद्यासाठी. विकणारा फसवत होता असं मला आजही वाटत नाही. त्याला वाटत होतं, पैसे आले की तिकडे फेडू. पण ते फेडून, बोजा उतरून, मूळ कागद हातात यायला आठ महिने लागले. तेवढे आठ महिने घेणाऱ्याचे पाच लाख अडकून राहिले, वर घरभाडं चालूच. आणि दोघं एकाच मंडळात. आरतीला एकमेकांकडे बघेनात.

म्हणून एजंटाला वगळलंत तर वाचलेल्या दीड लाखांतले पंचवीस-तीस हजार बाजूला काढा आणि ते त्याच शहरातल्या, मालमत्तेचं काम करणाऱ्या वकिलाला द्या. मालकी हक्काचा शोध, म्हणजे सर्च, साधारण तीस वर्षांचा करून घ्या. अहवाल लेखी घ्या. बँकही सर्च करतेच ना, असं लोक म्हणतात. करते. पण बँकेचा वकील बँकेचं कर्ज सुरक्षित आहे का ते बघतो. पार्किंग खरंच तुमच्या नावावर येतंय का, आधीच्या मालकाचा सोसायटीशी वाद आहे का, यात बँकेला फारसा रस नसतो. मी त्याच टेबलावर बसायचो, म्हणून सांगतो.

कागदांची नावं प्रत्येक राज्यात वेगळी आहेत आणि इथे आपली माणसं गोंधळतात. पुण्याहून बंगळुरूला गेलेला माणूस इंडेक्स टू मागत फिरतो, आणि समोरचा "खाता आहे का" विचारतो. तर थोडं सांगतो. महाराष्ट्रात सूची क्रमांक २, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. गुजरातेतही इंडेक्स टू आहे, नोंदणीचं काम ‘गरवी’ या पोर्टलवर चालतं, आणि आपण ज्याला रेडी रेकनर म्हणतो त्याला तिथे जंत्री म्हणतात. मध्य प्रदेशात, इंदूर-ग्वाल्हेरच्या मंडळींसाठी, पोर्टल ‘संपदा’ आणि दराला म्हणतात कलेक्टर गाइडलाइन. कर्नाटकात एन्कम्ब्रन्स सर्टिफिकेट, ज्याला सगळे ईसी म्हणतात, ते ‘कावेरी’ पोर्टलवरून निघतं. त्याशिवाय महापालिकेचा खाता बघायचा, आणि दर म्हणजे गाइडन्स व्हॅल्यू. तेलंगण आणि तमिळनाडूतही ईसी हाच मुख्य कागद. दिल्लीत दराला सर्कल रेट म्हणतात. गोव्यात जमिनीसाठी फॉर्म एक-चौदा. याशिवाय सबंध देशासाठी एक केंद्रीय नोंद आहे, सरसाई. बँकांनी घेतलेली तारणं तिथे नोंदवावी लागतात, आणि किरकोळ शुल्क भरून कुणालाही त्यात शोध घेता येतो. हैदराबादच्या त्या फाइलसारखी भानगड असेल तर इथेही ती सापडू शकते.

परराज्यात भाषेचा प्रश्न येतो. जुने दस्त कन्नडमध्ये, तमिळमध्ये, गुजरातीत असतात. एजंट वाचून दाखवतो आणि आपण मान डोलावतो. तसं करू नका. वकिलाकडून प्रत्येक दस्ताचा गोषवारा तुम्हाला येणाऱ्या भाषेत लिहून घ्या, खाली त्याची सही घ्या. दोन-चार हजार जास्त जातील, जाऊ द्या.

मुंबई-पुण्याकडच्यांसाठी एक बारीक गोष्ट. सोसायटीचा ट्रान्सफर प्रीमियम. महाराष्ट्रात महापालिका हद्दीत तो जास्तीत जास्त २५ हजार, असं शासनाचं २००१ चं परिपत्रक आहे. डोनेशन, डेव्हलपमेंट फंड अशा नावांनी लाखभर मागितले जातात, आणि एजंट म्हणतो, "देऊन टाका, नाहीतर एनओसी अडेल." तो असं म्हणणारच, त्याला व्यवहार लवकर संपवायचाय. आधी परिपत्रकाची प्रत पुढे ठेवा आणि मग बोला.

आता नवीन बांधकामाकडे वळू. इथे गणित उलटं आहे. बिल्डरचा फ्लॅट एजंटामार्फत घेतलात तर दलाली बिल्डर देतो, तुमच्याकडून कुणी काही मागत नाही. अशा एजंटाला हल्ली चॅनेल पार्टनर म्हणतात. मागितली कुणी तर देऊ नका. पण म्हणून ती तुमच्या खिशातून जात नाही असं नाही, ती किमतीत बसलेली असते. प्रश्न एवढाच की त्यातलं काही तुमच्याकडे परत येतं का.

येऊ शकतं, आणि ते पहिल्या भेटीत ठरतं. सेल्स ऑफिसात गेलात की एक फॉर्म भरून घेतात. त्यात विचारलेलं असतं, तुम्हाला आमच्याबद्दल कुठून कळलं. थेट आलात, की चॅनेल पार्टनरकडून, की इथल्याच एखाद्या ग्राहकाच्या ओळखीने. थेट आलात अशी नोंद झाली तर एजंटाला द्यायची रक्कम बिल्डरची वाचली, आणि तेवढी सूट मागायला तुम्हाला जागा झाली. पण तुम्ही आधी एखाद्या जाहिरातीवर नंबर टाकला असेल, आणि कुणा चॅनेल पार्टनरने तुमचं नाव बिल्डरकडे आधीच कळवून ठेवलं असेल, तर तुम्ही त्याच्या खात्यावर गेलात. तुम्हाला कल्पनाही नसते. म्हणून जो प्रकल्प मनात आहे त्याच्या जाहिरातीवर नंबर टाकू नका, सरळ साइटवर जा. काही बिल्डर थेट आलेल्यालाही सूट देत नाहीत, चॅनेल पार्टनर दुखावतील म्हणून. मग त्या प्रकल्पात आधीच घर घेतलेल्या ओळखीच्या माणसाच्या नावावर जा. बऱ्याच ठिकाणी त्याला काही बक्षीस मिळतं, ते आपसात वाटून घेता येतं.

मुंबईकडे काही एजंट आपल्या कमिशनातला हिस्सा घेणाऱ्याला परत देतात. पासबॅक म्हणतात त्याला. नोंदणी झाल्यावर महिन्याभरात देतो, असं सांगतात. मी लोकांना त्याऐवजी एकच गोष्ट मागायला सांगायचो, ती रक्कम करारनाम्याच्या किमतीतूनच कमी करा. बांधकाम चालू असलेल्या, परवडणाऱ्या गटात न बसणाऱ्या घरावर जीएसटी ५ टक्के. दोन लाख किमतीतून उतरले तर १० हजार जीएसटी वाचला. रेडी रेकनरपेक्षा करारनाम्याची किंमत जास्त असेल तर मुंबईत १२ हजार मुद्रांक शुल्कही वाचलं. आणि नोंदणीनंतर कुणाच्या मागे फिरायला नको.

नवीन प्रकल्पात एजंट असेल तर त्याची रेरा नोंदणी बघा. प्रत्येक राज्याच्या रेरा संकेतस्थळावर नोंदलेल्या एजंटांची यादी असते. महाराष्ट्रात एजंटाचा क्रमांक ‘ए’ने सुरू होतो, प्रकल्पाचा ‘पी’ने. जाहिरातीत नुसता ‘पी’ दाखवून कुणी "मी रेरा रजिस्टर्ड" म्हणत असेल तर तो दुसऱ्याचा क्रमांक दाखवतोय. महारेराने २०२३ पासून एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षेची अट घातली आहे, तेव्हा प्रमाणपत्र मागायला लाजू नका. आणि नोंदणीकृत करारनाम्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही, हे रेराचं कलम १३. एजंटाला घाई असली तरी.

शेवटी, पूर्ण दलाली निमूट द्यावी असे प्रसंगही असतात. मालक परदेशात आहे आणि मुखत्यारपत्रावर व्यवहार होतोय. जुनी इमारत, पाच वारस, त्यातले दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. तुम्ही नागपूरला आणि घर घेताय चेन्नईत. इथे चांगला, जुना, त्या भागातला एजंट पाच वारसांना एका दिवशी एका टेबलावर आणतो, ते वकिलाला जमत नाही. अशा कामाला दीड टक्का महाग नाही. परदेशस्थ मालकाच्या बाबतीत एक सूचना. ५० लाख किंवा जास्तीच्या घराला आपण किमतीतून १ टक्का टीडीएस कापून भरतो, तो भारतात राहणाऱ्या मालकासाठी. मालक करासाठी अनिवासी असेल तर दर कितीतरी जास्त असतो, आणि कमी कापला तर आयकर खातं घेणाऱ्याला धरतं. टोकनच्या आधी सीएला भेटा. एजंट म्हणेल, "एक टक्काच कापा, सगळे तसंच करतात." त्याच्यावर नोटीस येत नाही.

दलाली द्याल ती बँकेतून द्या आणि पावती घ्या. पावतीवर एजंटाचं नाव, पॅन, जीएसटी लावला असेल तर त्याचा क्रमांक, घराचा पत्ता आणि "आमची बाजू पूर्ण भागली" एवढे शब्द असावेत. ती खरेदीखताच्या फायलीतच ठेवा. पंधरा वर्षांनी घर विकाल तेव्हा भांडवली नफा काढताना खरेदीचा खर्च दाखवायला सीए तीच मागेल, आणि विकताना तुम्ही जी दलाली द्याल तीही नफ्यातून वजा होते, तिचीही पावती लागेल. रोखीत, पावतीशिवाय दिली असेल तर यातलं काही दाखवणं कठीण जातं.

पुढच्या भागात विसारपावती. टोकन देताना कागदावर नेमकं काय लिहायचं, आणि व्यवहार मोडला तर पैसे परत कसे मिळवायचे.